जुनं वायरिंग, आरसीसीबी आणि अर्थिंग: आधी काय करून घ्यावं, आणि कोणाकडून?

मधुवंती

पुण्यातली १९९२ ची इमारत, दुसरा मजला, टू बीएचके, सिंगल फेज. मेन बोर्ड अजून लाकडीच आहे. त्यावर लोखंडी मेन स्विच आणि चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, शेजारी मागाहून लावलेली चार एमसीबींची (करंट जास्त झाला की पडणाऱ्या स्विचांची) पेटी. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) कुठेच नाही. लोड: दीड टनाचे दोन इन्व्हर्टर एसी, २५ लिटरचा २ किलोवॅटचा गीझर, २००० वॅटची इंडक्शन शेगडी, वॉशिंग मशीन, फ्रिज, शिवाय बॅटरीवरचा घरगुती इन्व्हर्टर. लाईट-पंख्याच्या बोर्डांत अर्थची वायर आलेलीच नाही, पॉवर पॉइंटना हिरवी वायर दिसते.

सगळं फोडून नव्यानं करणं या वर्षी जमणार नाही. टप्प्याटप्प्यानं करायचं तर क्रम काय लावावा? यातलं कोणतं काम कॉलनीतल्या नेहमीच्या फिटिंगवाल्याकडून चालेल आणि कोणतं नाही?

तारतंत्री

मधुवंतीताई, आधी मोजणी, मग डीबी (एमसीबींची मुख्य पेटी) आणि आरसीसीबी, मग जड लोडच्या स्वतंत्र लाइनी, मग उरलेल्या बोर्डांना अर्थ, आणि स्विच-प्लेटा सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. मॉड्युलर प्लेटा दिसतात म्हणून पैसे तिथे जातात आणि मागे तीच तीस वर्षांची वायर राहते.

मोजणी म्हणजे मेगर टेस्ट, वायरीच्या इन्सुलेशनचा रोध मोजणं. मेन बंद करून सगळ्या प्लग काढायच्या, बल्ब-ट्यूब उतरवायच्या, इन्व्हर्टर सोडवायचा. मग प्रत्येक सर्किटचा फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून अर्थच्या विरुद्ध ५०० व्होल्ट डीसीवर रीडिंग घ्यायचं. एक मेगओहमच्या खाली आलं तर ते सर्किट तसंच पुढे चालवायचं नाही. चांगल्या स्थितीतलं वायरिंग सहज पन्नास-शंभर मेगओहम दाखवतं. दोन-तीन मेगओहम आलं तर 'पास' म्हणून सोडू नका. बाथरूमजवळचा, गळक्या भिंतीतला पाइप असेल तर पावसाळ्यात तेच रीडिंग घसरतं. या टेस्टला दोन तास लागतात आणि कोणती वायर बदलायची, कोणती राहू द्यायची हे नेमकं कळतं. टप्प्याटप्प्यानं करणाऱ्याला याचा उपयोग सगळ्यात जास्त.

त्या लाकडी बोर्डाबद्दल एक बघून घ्या. जुन्या बोर्डांत फेजला आणि न्यूट्रलला दोन्हीकडे किटकॅट असायचे. न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर घरातलं सगळं बंद पडतं, पण प्रत्येक बोर्डात फेज जिवंतच असते. 'लाईट गेली' म्हणून माणूस होल्डरला हात घालतो आणि शॉक बसतो. म्हणून ते दोन्ही फ्यूज काढून तिथे डबल पोल एमसीबी यायला हवा. तो दोन्ही तारा एकदम तोडतो.

नवा डीबी असा सांगा: इनकमरला (बाहेरून वीज येते त्या मुख्य जागी) ४० अँपिअरचा डबल पोल एमसीबी, त्यापुढे ४० अँपिअरच्या, ३० मिलिअँपच्या दोन आरसीसीबी, आणि प्रत्येकीखाली तिचे एमसीबी. लाईट-पंख्याला दीडची (दीड चौरस मिलिमीटरची) वायर आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी, पॉवर प्लगला अडीचची आणि १६ चा, एसी आणि गीझरला प्रत्येकी स्वतंत्र चारची आणि २० चा. अर्थची वायर फेजइतक्याच जाडीची. वायर आयएसआय मार्कची एफआर (आग पसरू न देणारी) किंवा त्यावरची घ्या. इनकमरचा आकडा मीटरपासून आलेल्या वायरीवर ठरतो हेही लक्षात ठेवा. ती वायर बारीक असेल तर ४० चा एमसीबी तिला वाचवणार नाही.

ओहम

तारतंत्री, शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहायला हवं. ताईंच्या लोडची बेरीज करून बघू. दोन एसी मिळून साधारण १५ अँपिअर, गीझर ९, इंडक्शन ९, वॉशिंग मशीनचा हीटर चालू असताना ९. सकाळी सगळं एकत्र चाललं तर ४० च्या पुढे जातं. नव्वदच्या दशकातल्या इमारतींत मीटर रूमपासून फ्लॅटपर्यंत बऱ्याचदा चारची, कधी तर ॲल्युमिनियमची वायर असते. ती दहाच्या तांब्याच्या वायरीनं बदलून घ्या. बिलावरचा मंजूर भारही बघा. तो कमी असेल तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करा. आपल्याकडे सिंगल फेजची मर्यादा ४० अँपिअर आहे, त्याहून जास्त हवं असेल तर थ्री फेज घ्यावं लागतं.

मीटरच्या सीलला मात्र कोणालाही हात लावू देऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो. मीटरशी छेडछाड हा वीज कायदा २००३ च्या कलम १३८ खाली गुन्हा आहे. मीटरच्या आउटगोइंगची वायर बदलताना पुरवठा तोडावा लागला तर तो वीज कंपनीच्या माणसानं तोडायचा.

सायली_ठाणे

आमच्या सोसायटीत अर्थिंग व्यवस्थित आहे, पिट (जमिनीत पुरलेल्या अर्थचे खड्डे) आहेत, मीटर रूममध्ये पट्टी आहे. मग आरसीसीबी कशासाठी? अर्थिंग असेल तर फॉल्ट झाला की एमसीबी पडतोच ना?

ओहम

सायली, बहुतेकांचा हाच समज असतो. आकडे मांडून बघा.

गीझरच्या बॉडीला फेज लागली. करंट तुमच्या अर्थ पिटमधून जमिनीत, जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थपर्यंत असा परततो. पिटचा रोध ५ ओहम, तिकडचा १ ओहम धरू. २३० भागिले ६, म्हणजे सुमारे ३८ अँपिअर. आता १६ अँपिअरचा सी कर्व्ह प्रकारचा एमसीबी तत्काळ पडायला त्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. ३८ वर तो पडेल, पण आतली पट्टी गरम होऊन, काही सेकंदांनी किंवा मिनिटभरानंही. तोपर्यंत गीझरच्या बॉडीवर ३८ गुणिले ५, म्हणजे १९० व्होल्ट उभे असतात, आणि ओला माणूस शॉवरखाली असतो.

हा हिशोब पाच ओहमच्या 'चांगल्या' पिटचा आहे. पिट सुकून ३० ओहमवर गेला की फॉल्ट करंट साडेसातच्या आसपास राहतो. १६ चा एमसीबी मग कधीच पडत नाही, गीझर निवांत चालू राहतो.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांतला फरक बघते. ३० मिलिअँपच्या आतच फरक पडला की तोडते. वर सांगितलेल्या ३८ अँपिअरला ती ४० मिलिसेकंदांच्या आत सुटायलाच हवी. पिट शंभर ओहमचा असला तरी ती पडते. म्हणून फ्लॅटमध्ये एकच गोष्ट करायची असेल तर आधी आरसीसीबी. अर्थ नसलेल्या बोर्डांवरसुद्धा ती कामाची आहे. फक्त तिथे गळतीला वाट नसल्यामुळे माणसाचा हात लागल्यावरच पडते, म्हणजे झटका बसतो पण तुटतो. अर्थ असेल तर उपकरण बिघडल्या क्षणीच पडते, माणूस मध्ये यावा लागत नाही. म्हणून दोन्ही हवं.

उलट, फक्त आरसीसीबी लावून एमसीबी वगळणंही चूक आहे. ती ओव्हरलोडला आणि फेज-न्यूट्रलच्या शॉर्टला पडत नाही.

कुडाळकर

अर्थिंगवर कोकणातून भर घालतो. इथे जांभा दगड, त्यातून पाणी झरझर निघून जातं आणि रोध खूप येतो. एका पाइपनं काम भागत नाही. पाइप ४० मिलिमीटर व्यासाचा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा), किमान अडीच मीटर लांब, घराच्या भिंतीपासून दीड मीटर तरी दूर. दोन पाइप घालायचे तर दोघांत लांबीच्या दुप्पट, म्हणजे पाच मीटर अंतर. जवळजवळ ठोकलेले दोन पाइप जवळपास एकाच पाइपचं काम करतात, दुसऱ्याचे पैसे फुकट जातात. भरायला मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइट (ओल धरणारी चिकणमाती) किंवा तयार बॅकफिल कंपाउंड घ्या. मीठ पावसात वाहून जातं आणि जीआय पाइप खातं. सहा-सात वर्षांनी उकरलं तर वरचा क्लॅम्प गळून पडलेला असतो आणि पट्टी कशालाच जोडलेली नसते.

देशावर काळी माती असेल तर रीडिंग सुरुवातीला छान येतं. पण उन्हाळ्यात ती माती आकसते, भेगा पडतात आणि पाइपची बाजू सोडते. म्हणून पिटचा रोध एप्रिल-मे महिन्यांत मोजायचा. पावसाळ्यात घेतलेलं दोन ओहमचं रीडिंग मे महिन्याबद्दल काहीच सांगत नाही. मोजणी तीन खुंट्यांच्या अर्थ टेस्टरनं आणि पिटची पट्टी सोडवून करायची. मल्टिमीटरचा एक प्रोब पिटला आणि दुसरा नळाला लावून केलेल्या मोजणीला अर्थ नाही.

फ्लॅटवाल्यांना पिट स्वतः करता येत नाही, तो सोसायटीचा विषय. पण मीटर रूमच्या अर्थ पट्टीपासून आपल्या डीबीपर्यंत वायर खरंच सलग आहे का, हे प्रत्येकानं तपासून घ्यावं. मध्ये एखाद्या मजल्यावर रंगकाम करताना ती कापलेली असू शकते.

मधुवंती

खूप उपयोगी माहिती. एक शंका. पॉवर पॉइंटला हिरवी वायर दिसते म्हटलं, पण ती खरी अर्थ आहे हे कसं कळणार? वायरमन टेस्टर लावून 'आहे' म्हणाला.

तारतंत्री

निऑन टेस्टरनं अर्थ कळत नाही. त्याच्यानं फार तर फेज कोणत्या भोकात आहे एवढं कळतं. मल्टिमीटरनं फेज ते अर्थ २३० आलं तरी ती अर्थ भार पेलेल असं सिद्ध होत नाही, कारण मीटर नावापुरताच करंट ओढतो. केसासारखी एक तार शिल्लक असली तरी २३० च दाखवणार. खरी टेस्ट अर्थ लूप इम्पीडन्स (फॉल्ट करंटच्या पूर्ण वाटेचा रोध) टेस्टरची, आणि ती परवानाधारकाकडूनच करून घ्या.

या निमित्तानं एक धोकादायक प्रकार सांगतो. अर्थ न आलेल्या सॉकेटमध्ये काही जण वरच्या पिनेला आतल्या आत न्यूट्रल जोडून देतात. स्टॅबिलायझरचा अर्थचा दिवा लागतो, सगळे खूश. पुढे त्या सॉकेटच्या मागे न्यूट्रल कुठेही ढिला झाला की चालू उपकरणातून फेज न्यूट्रलवर येते आणि तिथून थेट फ्रिजच्या, मशीनच्या पत्र्यावर. स्विच चालू असेपर्यंत पत्रा २३० व्होल्टवर. असं सॉकेट ओळखायचं तर न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज आधी लोडशिवाय बघा, मग त्याच सॉकेटवर इस्त्री किंवा हीटर लावून. खऱ्या अर्थला लोड दिल्यावर एक-दोन व्होल्ट वाढतात, कारण न्यूट्रलच्या वायरीत तेवढा ड्रॉप होतो. लोड देऊनही शून्य ते शून्यच राहिलं तर मागे लूप मारलेला आहे असं धरून प्लेट उघडायला सांगा.

सदाशिव_वि

अनुभवी मंडळींना एक विचारतो. आरसीसीबी लावली की ती सारखी पडते, म्हणून लोक काढून टाकतात किंवा १०० मिलिअँपची लावतात. १०० वाली चालते का?

ओहम

माणसासाठी चालत नाही. १०० आणि ३०० मिलिअँपच्या आगीपासून संरक्षणासाठी, मेन इनकमरला वगैरे असतात. शरीरातून ८० मिलिअँप जात असताना १०० वाली पडेलच असं नाही, आणि तेवढ्यात हृदयाची लय बिघडू शकते. घरात शेवटच्या सर्किटांना ३०, वर जायचं नाही.

सारखी पडते म्हणजे ती काहीतरी सांगते आहे. शोधायचा क्रम असा:

सगळे एमसीबी खाली करून फक्त आरसीसीबी वर करा. तरी पडली, तर बहुधा कुठेतरी न्यूट्रल अर्थला चिकटलाय. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, त्यामुळे एमसीबी बंद करून हा दोष लपत नाही. मग डीबीतल्या न्यूट्रल पट्टीवरच्या वायरी एकेक सोडवत जायच्या. ज्या वायरीनंतर आरसीसीबी टिकते, दोष त्या सर्किटमध्ये. हे काम मेन बंद करून, परवानाधारकानंच. डीबीचं झाकण घरमालकानं उघडायचं नाही.

एमसीबी बंद असताना टिकते आणि ठरावीक एक वर केल्यावर पडते, तर त्या सर्किटवरची उपकरणं प्लगमधून काढून बघा. नुसता स्विच बंद करून चालत नाही. पहिला संशयित गीझर. एलिमेंटच्या आतली भुकटी ओल धरते, विशेषतः बरेच दिवस बंद असल्यावर. बोअरच्या जड पाण्यात एलिमेंटला क्षार चढून कवच तडकतं, तेव्हा तर तो तापल्यावरच गळती दाखवतो, थंड असताना मेगर चांगला येतो. दुसरा संशयित बाहेरच्या गॅलरीतला किंवा गेटवरचा दिवा, पावसाळ्यात.

कोणतंच एक सर्किट दोषी निघत नाही आणि तरी अधूनमधून पडते, तर ती साठलेली गळती. प्रत्येक संगणक, टीव्ही, इन्व्हर्टर एसीच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थला जातच असतो. आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपच्या मध्ये कुठेही सुटू शकते. म्हणून कायमची गळती लीकेज क्लॅम्प मीटरवर ९-१० च्या आत असावी. जास्त असेल तर सर्किटं दोन-तीन आरसीसीबींत वाटायची.

सदाशिव_वि

समजलं. पण मग तारतंत्री म्हणतात तशा दोनच का? प्रत्येक सर्किटला आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) लावला तर एक पडला म्हणून बाकी घर अंधारात जात नाही.

तारतंत्री

तत्त्वानं बरोबर, आणि बजेट असेल तर तेच करा. पण ताईंना टप्प्यांत करायचंय. सात-आठ आरसीबीओंच्या खर्चात दोन आरसीसीबी, मीटरपासूनची नवी वायर आणि गीझरची लाइन असं बरंच बसतं. मधला मार्ग म्हणजे दोन आरसीसीबी आणि गीझरला तेवढा स्वतंत्र आरसीबीओ. गीझर हा सगळ्यात जास्त पडणारा आणि सगळ्यात जास्त जीवघेणा, त्याला वेगळं काढलं की निम्मी तक्रार मिटते. फ्रिज आणि हॉलचे दिवे एकाच आरसीसीबीखाली ठेवू नका. रात्री पडली तर अंधारात डीबी शोधावा लागतो.

ओहम

फ्रिजबद्दल सहमत नाही तारतंत्री. दिवे आणि फ्रिज एकत्र असतील तर दिवे गेल्यावर पडल्याचं लगेच कळतं. फ्रिज वेगळ्या आरसीसीबीवर असेल आणि घर बंद करून माणसं गावाला गेली, तर आठवड्यानं आल्यावर कळतं. माझं मत, फ्रिजला आरसीबीओ द्या, नाहीतर किमान गळतीची उपकरणं नसलेल्या आरसीसीबीवर ठेवा.

प्रकाराबद्दलही सांगायला हवं. दुकानात न विचारता एसी टाइप हातात पडते. इन्व्हर्टर एसी, इंडक्शन, नवी वॉशिंग मशीन यांत फॉल्ट झाला तर गळतीची लहर अर्धी कापलेली असू शकते आणि एसी टाइप ती ओळखेलच असं नाही. ए टाइप घ्या. पुढच्या बाजूला चौकटीत पूर्ण लहर आणि तिच्याखाली दोन सुटे उंचवटे असं चिन्ह असतं. नुसती एकच लहर असेल तर ती एसी टाइप. 'एसी टाइप' म्हणजे एअर कंडिशनरची, असा घोळ दुकानात होतो, तेवढं सांभाळा.

नागपूरवाला

घरात बॅटरीवरचा इन्व्हर्टर आहे म्हणालात ताई, त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. दोन चुका सर्रास होतात.

पहिली, इन्व्हर्टरच्या लाइनीचा न्यूट्रल घराच्या कुठल्याही न्यूट्रलशी एकत्र बांधलेला असतो. आरसीसीबीतून गेलेला फेज आणि बाहेरून आलेला न्यूट्रल असा मेळ बसत नाही, आणि आरसीसीबी इन्व्हर्टर चालू झाल्याबरोबर पडते. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या दिव्या-पंख्यांचा न्यूट्रल बोर्डापासून इन्व्हर्टरपर्यंत स्वतंत्र हवा.

दुसरी जास्त गंभीर. लाईट गेल्यावर वीज बॅटरीतून येते, डीबीतली आरसीसीबी त्या वाटेवर नसतेच. म्हणजे बॅटरीवर असताना त्या सर्किटांना संरक्षण शून्य. इन्व्हर्टरच्या आउटपुटला वेगळी ३० मिलिअँपची आरसीसीबी हवी आणि ती मेन बंद ठेवून, बॅटरीवर असताना, टेस्टरनं तपासायला हवी. आरसीसीबीचं टेस्ट बटण तिथे दिशाभूल करतं. ते बटण आतल्या रोधातून फेज-न्यूट्रलमध्येच करंट फिरवतं, त्यामुळे अर्थशी काही संबंध नसला तरी आरसीसीबी पडते. बटणानं फक्त यंत्रणा अडकलेली नाही एवढं कळतं. तरीही महिन्यातून एकदा ते दाबाच, कारण वर्षानुवर्षं न हललेली आरसीसीबी चिकटून बसते.

सायली_ठाणे

गीझरचं सॉकेट वारंवार काळं पडतं, दोनदा बदललं. एमसीबी एकदाही पडलेला नाही. हे कशानं?

तारतंत्री

ढिला जोड. याला कोणताच एमसीबी किंवा आरसीसीबी पकडत नाही, कारण करंट जास्तही नसतो आणि गळतही नसतो. ३ किलोवॅटचा गीझर १३ अँपिअर घेतो. पिन आणि सॉकेटच्या पत्र्यात अर्धा ओहम रोध झाला तर १३ चा वर्ग १६९, त्याचं निम्मं, म्हणजे चौऱ्यांशी वॅट उष्णता वाटाण्याएवढ्या जागेत. प्लास्टिक तपकिरी होतं, पत्र्याचा ताण जातो, पकड आणखी ढिली होते, उष्णता आणखी वाढते. नुसतं सॉकेट बदलून उपयोग नाही, कारण जळालेल्या वायरीचं टोक तसंच नव्या सॉकेटमध्ये जातं. काळं-निळं झालेलं तांबं चमकदार लागेपर्यंत मागे कापायचं. वायर तोकडी पडली तर ती डीबीपासून नवी ओढायची, पाइपमध्ये टेप मारून जोड द्यायचा नाही. आणि गीझरच्या प्लग टॉपच्या पिनाही बदला, त्या खराब असतील तर नवं सॉकेट महिन्याभरात तसंच होईल.

माझी शिफारस, गीझर आणि एसीला प्लग-सॉकेट नकोच. २० अँपिअरचा डबल पोल स्विच आणि त्यातून सरळ कनेक्टरवर वायर. स्विच बाथरूमच्या बाहेर.

जुन्या इमारतीत ॲल्युमिनियमची वायर असेल तर तिला तांब्याच्या वायरीशी पीळ घालून जोडू नका. दोन धातू ओलीत एकमेकांना खातात आणि ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं, स्क्रू आपोआप ढिला होतो. ती वायर पूर्ण बदलणं हाच उपाय.

शेवगावकर

आमच्याकडे बंगल्याला थ्री फेज आहे. वर कोणी विषय काढला नाही म्हणून लिहितो. थ्री फेजवाल्यांसाठी मोठा धोका म्हणजे न्यूट्रल तुटणं. खांबावर किंवा मीटरजवळ न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर लोड कमी, तिच्यावर व्होल्टेज साडेतीनशे, कधी चारशेच्या जवळ चढतं. टीव्ही, फ्रिज, राउटर एका फटक्यात जातात. साधा एमसीबी यात काही करत नाही. डीबीत इनकमरनंतर न्यूट्रल तुटल्यावर तोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर हवा, साधारण २७० च्या वर आणि १७०-१८० च्या खाली तोडणारा, परत जोडताना थोडा वेळ थांबणारा. न्यूट्रलमध्ये फ्यूज किंवा एकटा सुटणारा स्विच कधीच नको, तोडायचं तर चारही पोल एकदम.

विजांच्या दिवसांसाठी टाइप २ सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजची क्षणिक लाट अर्थला वळवणारा) आरसीसीबीच्या आधी बसवतात. त्याच्या फेजच्या आणि अर्थच्या वायरींची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवायला सांगा. लांब वायरीचे वेटोळे घालून बसवलेला सर्ज प्रोटेक्टर लाटेच्या वेळी वायरीतच व्होल्टेज उभं करतो आणि उपकरणाला फायदा होत नाही. अर्थ धड नसेल तर आधी अर्थ करा.

मधुवंती

आज एक जण बघून गेला. म्हणाला, दोन आरसीसीबी लावतो, पण जुन्या डीबीत सगळे न्यूट्रल एकाच पट्टीवर आहेत, तसेच राहू देतो, काही होत नाही. अर्थ नसलेल्या बोर्डांना बाथरूमच्या नळाच्या पाइपवरून अर्थ देतो म्हणतो. आणि 'लायसन नाही, पण वीस वर्षं हेच करतोय.'

ओहम

दोन्ही नाही म्हणा. दोन आरसीसीबींना दोन वेगळ्या न्यूट्रल पट्ट्या लागतातच. एकीखालच्या फेजचा करंट दुसरीच्या न्यूट्रलमधून परतला की दोन्ही पडतात, आणि मग तोच माणूस 'आरसीसीबी खराब आहे' म्हणून बायपास मारून देईल. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल ओळखून नंबर लावणं हे या कामातलं सगळ्यात वेळखाऊ काम आहे, म्हणूनच ते टाळलं जातं. जुन्या घरांत दोन खोल्यांचे दिवे एकच न्यूट्रल वापरत असतात, ते वेगळे करताना एखादी नवी वायर ओढावीच लागते.

नळाचा पाइप कित्येक वर्षांपूर्वी जीआय होता. आता वरच्या-खालच्या मजल्यावर कोणीतरी सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) टाकलेला असणार, म्हणजे तो पाइप जमिनीपर्यंत पोचतच नाही. फॉल्ट झाला तर त्या पाइपला जोडलेल्या सगळ्या नळांवर करंट उतरेल, कदाचित तुमच्या शेजाऱ्यांच्याही.

अर्थ न आलेल्या बोर्डांसाठी जुन्या वायरीला नव्या तीन वायरी बांधून पाइपमधून ओढता येतात का ते आधी बघायला सांगा. लोखंडी पाइप गंजून अडकले असतील तर भिंत फोडायच्या ऐवजी पीव्हीसी केसिंग-कॅपिंग (वायरीची झाकणवाली पट्टी) बाहेरून चालवा. दिसायला साधं, पण सुरक्षित आणि पुढे बदलायला सोपं.

तारतंत्री

परवान्याबद्दल: केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून आणि सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हायला हवं. आयटीआयचं वायरमन ट्रेडचं सर्टिफिकेट वेगळं आणि परवाना वेगळा. परवान्याचा नंबर आणि मुदत विचारायला संकोच करू नका, चांगला कंत्राटदार कार्डावरच छापतो. हातानं काम करणारा तुमच्या ओळखीचा, वीस वर्षांच्या अनुभवाचा असला तरी त्याच्याकडेही वायरमनचा परवाना हवा, आणि देखरेख व सही परवानाधारक कंत्राटदाराकडची हवी. भारवाढीच्या अर्जासोबत टेस्ट रिपोर्टही त्याच्याच सहीचा लागतो.

फिटिंगवाल्याकडून काय चालेल हे तुम्ही सुरुवातीला विचारलं होतं. मेन बंद करून पंखा, दिवा, रेग्युलेटर, सहा अँपिअरची प्लेट बदलणं चालेल. डीबी, आरसीसीबी, अर्थ, मीटरकडची वायर, गीझर-एसीची लाइन आणि इन्व्हर्टरची जोडणी, ही नाही.

कोटेशनमध्ये वायरीचे मीटर आणि जाडी, एमसीबी-आरसीसीबीची संख्या, रेटिंग आणि प्रकार, न्यूट्रल वेगळे करण्याचं काम आणि शेवटच्या टेस्ट या चारही गोष्टी लिहून मागा. 'पूर्ण काम इतके रुपये' असं एकरकमी कोटेशन नको.

मधुवंती

शेवटच्या टेस्टमध्ये नेमकं काय मागायचं? पैसे चुकते करण्याआधी मी समोर उभी राहून बघणार आहे.

तारतंत्री

हे पाच आकडे कागदावर घ्या, प्रत्येक सर्किटचे वेगळे:

मेगर रीडिंग, आधीचं आणि नंतरचं. प्रत्येक सॉकेटपासून डीबीच्या अर्थ पट्टीपर्यंत सलगता, ती ओहमच्या दशांशांत यायला हवी. प्रत्येक पॉवर पॉइंटचा लूप इम्पीडन्स. प्रत्येक आरसीसीबीचं ट्रिप टायमिंग टेस्टरनं: १५ मिलिअँपला पडता कामा नये, ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडावी, १५० ला ४० च्या आत. आणि तीच टेस्ट इन्व्हर्टर बॅटरीवर असताना पुन्हा.

मग एसी, गीझर, इंडक्शन एकत्र अर्धा तास चालवा. मेन बंद करून डीबी उघडायला सांगा आणि प्रत्येक टर्मिनलचा स्क्रू तुमच्यासमोर पुन्हा आवळून घ्या. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर बंद करण्याच्या आधी चालू लोडवर एमसीबींचं तापमान घ्या. शेजारच्या एमसीबीपेक्षा एखादा पंधरा-वीस अंशांनी गरम असेल आणि दोघांवर लोड सारखा असेल, तर तिथे जोड ढिला आहे. डीबीच्या झाकणाच्या आत सर्किटांची यादी चिकटवून घ्या, 'एमसीबी ३: मागची बेडरूम, एसी' अशी, मराठीत, घरातल्या सगळ्यांना वाचता येईल अशी.

कुडाळकर

एवढी भर: सहा महिन्यांनी पहिल्या उन्हाळ्यात टर्मिनल पुन्हा एकदा आवळून घ्या. नव्या वायरीचे तंतू स्क्रूखाली दबून बसतात आणि पहिल्या काही महिन्यांत पकड थोडी कमी होते. कोटेशनमध्येच ही एक फेरी लिहून घेतली तर वेगळे पैसे पडत नाहीत.